मांगच्या आंगनातली रेंज

सुमन, तुले उचललं तवा पोट्टी वऱ्हाडीत रडली.

मी पुढं होतो. हातात आगीचं मडकं, खांद्यावर ओला पंचा. मांगं पाहाचं नसते असं सारे सांगून राह्यले होते. आन मांगून आपल्या वर्षानं टाहो फोडला, "माय वं! मले टाकून कुठी चालली वं माय! आता मी कोनापाशी बोलू वं!"

मी गर्रकन मांगं फिरलो. मडकं कलतं झालं आन एक निखारा माह्याच पायावर पडला. लोकं म्हनले, बिचाऱ्याले सोसेना, बायकोवर लय जीव होता. जीव होता, त्याच्यात खोटं नाही. पन मी फिरलो तो जीवापायी नाही. मले वाटलं, दुसऱ्याच कोन्या घरची पोट्टी रडून राह्यली. आपली वर्षा कुठी 'माय वं' म्हनते? ती 'आई' म्हने. 'मला' म्हने, 'काय गं' म्हने. तिच्या पुन्याच्या हापिसातल्या बाया तिले इचारतात म्हने, तू मूयची इथलीच का? आन ती पोट्टी, साऱ्या गावादेखत, पदर नाही काही नाही, जमिनीवर बसून, माह्या मायवानी रडून राह्यली.

पाय भाजून राह्यला होता आन डोक्यात एकच घुमे, हे हिले कोनं शिकवलं? मी तं नाही शिकवलं. मले मनाई होती. मंग घरात उरलं कोन?

तवा समजलं मले. तू हिरवं लुगडं नेसून निजली होती, तोंडात तुयशीचं पान, चेहरा असा का जसं काही केलंच नाही. आन मी तठी उभ्या उभ्या तुह्यावर रागावलो. बायको मेल्यावर लोकं रडतात. मी रागावलो. माहं सारंच उलटं, तुले माहीतच आहे.

हे मी बोलून राह्यलो आन शेजारचे गुरुजी लिहून घेऊन राह्यले. माह्या अक्षराचं तुले सांगाले नको, मी अंगठा उठवतो तोही वाकडा येते. शाळेत मी एक सकाय गेल्तो. मास्तरनं नाव इचारलं. मी म्हनलं, घरी इचारून सांगतो. घरी आलो आन इचाराचंच राहून गेलं. गुरुजीले मी पयलेच सांगतलं, जसं बोलीन तसंच लिहा, एक अक्षर सुधरवू नका, या घरात सुधरवनं लय झालं. ते म्हने, "अरे, लोक वाचतील, हसतील." मी म्हनलं, हासू द्या. माहा धंदाच तो आहे. वांगे मी नावाले इकतो.

तुले मात्र हासनं चालत नव्हतं. म्हनजे लोकाईचं हासनं. लग्न झाल्यावर तू मले एकदाच सांगतलं होतं ते, मंग कधी तोंडातून काढलं नाही. दहावी झाल्यावर तुह्या बापानं तुले पुन्याले मामाकडं धाडलं, शिवनकाम शिकाले. पयल्याच दिवसी तू ताटावर बसून म्हनली, "मले भूक लागली." मामाच्या पोरी हासल्या. मंग पाहुने आले का त्या तुले समोर बोलवत आन म्हनत, "सुमन, बोलून दाखव ना." जसं माकडाले उडी माराले सांगतात तसं. तू पोई मांगाची सोडून देली. उपासी निजे पन मांगत नसे. शिवनकाम अर्धं टाकून तू परत पिंपळगावले आली, आन येतानी त्याईची भाषा संग घेऊन आली. चोयीवानी घालून आली ती, मंग कधी काढलीच नाही.

मी आयकून म्हनलं होतं, "अवं, हासले तं हासले, मले तं लोकं हासले नाही तं भाजी इकत नाही." तू माह्याकडे असं पाह्यलं का मी पुढचं गियून टाकलं. मले खरंच तवा माहीत नव्हतं, का लोकं हासले तं दुखते. मले कधी दुखलं नव्हतं. निबर कातडं.

वर्षा झाली तवाचं आठोते तुले? माही माय सहाणेवर वेखंड उगायत बसली होती. लेकराच्या जिभेले लावलं का बोलनं साफ येते. मी आत आलो, बाजेवर वाकलो आन म्हनलं, "काऊन वं बये, कुठून आली तू?" इतलंच. तू ओठावर बोट ठेवलं. मले वाटलं, लेकरू निजून आहे. मंग तू हयूच म्हनली, "अहो, तुम्ही हिच्यासमोर बोलत जाऊ नका."

मी म्हनलं, "कवापर्यंत?"

"हिचं बोलणं पक्कं होईपर्यंत. माझ्या मुलीला कोणी 'बोलून दाखव' म्हणायला नको."

आता बोलनं पक्कं कवा होते हे मले काय ठाऊक? मी वांगेवाला. वांगं पक्कं झालं का फेकून द्या लागते. मी 'हाव' म्हनलं. मायनं नाही म्हनलं. मायनं म्हनलं, "मी मरेपर्यंत बोलीन, कोनाले काय कराचं ते करा," आन बारसं झालं का मोठ्या भावाकडं वडनेर भोलजीले निघून गेली. जातानी मले म्हने, "ते वेखंड तुलेच चाटवाले पाह्यजे होतं रे."

मंग मी घरात मुका झालो. पयले पयले तू बोट दाखवे. मंग बोटाचीही गरज नाही पडली, भिवई उचलली का मी बंद. मोटरीचं बटनही इतलं बरोबर लागत नाही.

बोलाचं नाही म्हनल्यावर पाहाचंच राह्यलं. म्हनून मले जे दिसलं ते तुले बोलता बोलता दिसलं नसन. लेकरू आंदी डोये नाही पाहत, ओठ पाहाते. तू बोले आन वर्षा तुह्या ओठाकडं असी पाहे जसी मांजर दुधाच्या वाटीकडं. आन शब्द मांगून येतात, पयले चाल येते. झोक्यात पडल्या पडल्या एकटीच बोलत राहे, एक शब्द नाही त्याच्यात, पन भायेरून आयकनाऱ्याले वाटे कोनी पुन्याची बाई दूधवाल्याशी भांडून राह्यली. तुहीच चाल होती ती. तू तिले आंगनात नेऊन बोट करून शिकवे, "चंद्र. म्हण, चंद्र." नाही म्हनली ती. आन आंघोय घालतानी तू शेवटचा तांब्या ओतला का सहज म्हने, "झालं, झालं." ते उचललं. पयला शब्द पोट्टीचा 'झालं'. शिकवलेलं पडून राह्यलं आन सांडलेलं उचललं. मी तवा चुलीपाशी बसून हे पाहे आन मनात म्हनो, सुमनले सांगाव. पन बोलाची मनाई.

माह्याकडून ती काय उचलन? माह्यापाशी आवाज होता, शब्द नव्हते. मी बकरी काढो, कावया काढो. सगयात भारी म्हनजे इहिरीवरची मोटर. बटन दाबलं का आंदी पाइपातून हवा येते, मंग थोडं खाकरते, मंग धो धो पानी. ते मले हुबेहूब जमे. पोट्टी खदखदा हासे. मी दिसलो का ओठ फुगवून "भुर्रर्र" करे. 'आई' म्हनली, 'काकू' म्हनली, 'दूध' म्हनली, सारे आले, 'बाबा' लय उशिरा आलं. तोपर्यंत मी भुर्रर्र होतो. दुसऱ्याले बाप म्हनतात, मले मोटर म्हनत.

तीन वर्साची झाली तवा तिनं शेजारच्या काकूले इचारलं होतं, "आमच्या बाबांना बोलता येत नाही का?" काकूनं मले सांगतलं तवा मी इतला हासलो का डोयात पानी आलं. पानी हासूनच आलं असन.

आन मंग त्याच हप्त्यात तू तिले पयल्यांदा आठोडी बजारात घेऊन आली. मले काय माहीत तुमी येऊन राह्यल्या? मी आपला पूर्ण आवाजात. "या मावशी, या! वांगे घ्या! माह्या तोंडाकडं पाहू नका, वांग्याकडं पाहा, माह्याहून देखने आहेत!" एक मावशी म्हने, "काऊन बे, भाव काऊन इतला चढवला?" मी म्हनलं, "अवं मावशी, घरात बायको बोलू देत नाही, सारं अठीच बोला लागते, ते बोलन्याचे पैसे लावले त्याच्यात." सारा बजार हासला. आन त्या हासन्यातून चिरकलेला आवाज आला, "आई! बाबा बोलतात! आई, बाबा बोलतात!" आन पोट्टीनं भोकाड पसरलं.

घाबरली ती. भुर्रर्र बोलून राह्यला तं लेकरू घाबरनच. मिरचीवाला वरडला, "मुका बाप बोलला बे!" मंग तं काय, लोकं लोयले हासू हासू. मीच सगयात मोठ्यानं हासलो. तू नाही हासली. तू तिले कडेवर घेतलं आन पाठ करून चालली गेली. तुही पिशी रिकामीच राह्यली. आपल्याच घरच्या वांग्याची पिशी, रिकामी.

पुढं कितीक वरीस मी तो किस्सा बजारात सांगे. लय चाले तो. घरी मात्र बजाराच्या दिवसी संध्याकायी तुह्यापाशी येऊन हयू आवाजात सांगून पाहे, आज अमका काय म्हने, मी त्याले काय म्हनलं. तू चुलीकडं तोंड करे आन म्हने, "पुरे." नेमीचं एकच. "पुरे." साऱ्या खामगाव तालुक्याले मी हासवलं असन, एका बाईचा दात मले कधी दिसला नाही, आन ती माही बायको. मी समजो का आपन काही इतले हासवनारे नाही. बाजारातले लोकं वांग्याले भुलून हासत असतीन.

वर्षा शिकली. भाषणात बक्षीस आनलं तिनं, तो कप अजून टीव्हीवर आहे. पुन्याले गेली, हापिसात लागली, जवाई पाह्यला तोही पुन्याचा. कोनी तिले 'बोलून दाखव' नाही म्हनलं. तू जे ठरवलं ते केलं, सुमन, त्याच्यात मी एक शब्द बोलनार नाही. तसंही बोललो नाहीच.

आन आपला फोन. तिचा फोन आला का आंदी माह्या हातात. "बाबा, बरे आहात?" "हो." "जेवलात?" "हो." मले 'हाव' सुद्धा म्हनू देलं नाही तू, 'हो' शिकवलं होतं. मंग मी फोन तुह्याकडं देवो, आन तू तो घेऊन मांगच्या आंगनात जाये. लिंबाच्या पल्याड, भिंतीपाशी. म्हने, "घरात रेंज नाही." मी म्हनो, असन बाप्पा. पानी असो, थंडी असो, तू तठी उभी, पदर डोक्यावर. मी एक डाव इलेक्ट्रिकवाल्याले धरून आनलं, घरात रेंज काऊन येत नाही पाहाले. त्यानं माहा फोन पाह्यला, म्हने, "काका, फुल आहे रेंज." मी त्याले सांगतलं, माह्याच फोनात आहे, बायकोच्या फोनात नाही. तो माह्याकडं पाहून हासला. मी बी हासलो. इतला हुशार मानूस मी.

तेरवी झाली, पाहुने गेले. जवाई पुन्याले परत गेला, वर्षा आन नात राह्यल्या. दुसऱ्या दिवसी वर्षा मांगच्या आंगनात भांडे घासत होती. तुह्याच जागेवर, भिंतीपाशी. मी जाऊन उभा राह्यलो आन म्हनलं, "वर्षा, तुले हे बोलनं कोनं शिकवलं?"

तिच्या हातातली वाटी पडली. "बाबा," म्हने, "एवढं लांब वाक्य तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत."

"आंदी सांग."

तिनं हात धुतले. पदर नव्हता तं ओढनीले पुसले. आन तिची भाषाच बदलली, जसं कोनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. "मायनं. आनखी कोनं?"

"कवापासून?"

"मी बजारात रडली होती ना, तवापासून. तुमी बजारात गेले का माय दार लोटून घे. मले मांडीवर घे आन म्हने, चाल, आता आपन बाबाच्या गावाले जाऊ. मंग दिवे लागेपर्यंत आमी दोघी असंच बोलो. तुमी गल्लीत खाकरले का म्हने, चाल, आलो वापस. आन शाळेत बाबाच्या गावाचं नाव काढाचं नाही, बाबाजवयही काढाचं नाही."

मी खाली बसलो. ओल्या भांड्याईत.

"आन काय बोले ती?"

"तुमी जे बजारात बोले ते. तुमचीच नक्कल करे. 'या मावशी, माह्या तोंडाकडं पाहू नका...' डिट्टो तुमचा आवाज. पोट धरून हासे. हासू हासू तिले ठसका लागे."

"तिले काय माहीत मी काय म्हनतो ते?"

"तुमच्या दुकानाजवयच्या दोरवाल्याच्या पालामांगं उभी राहे ना ती. दर बजाराले घडीभर, मले काकूपाशी ठेवून. मंग दुसऱ्या वाटेनं तुमच्या लय आंदी घरी, आन दार लोटून."

"मी घरी येऊन सांगो तवा तं ती 'पुरे' म्हने."

"आयकलेलं राहे तिनं, बाबा. हासू आवरत नसे. म्हनून चुलीकडं तोंड करे."

"आन फोनवरची रेंज?"

वर्षा रडता रडता हासली. "कायची रेंज, बाबा."

मी इचारलं, मले काऊन नाही सांगतलं? मोकयं काऊन नाही केलं? ती म्हने, "मी इचारलं होतं एक डाव, लग्नाच्या आंदी. माय म्हने, आंदी भेव होतं, तुहे बाबा बोलाले सुटले तं थांबनार नाही, आन तू शाळेत जाऊन तेच बोलशीन. मंग भेव गेलं. पन इतले वरीस त्याईचं तोंड दाबलं, आता कोन्या तोंडानं सांगू?"

आता आयक, सुमन. गुरुजी, हे जसंच्या तसं लिहा.

तू मले फसवलं. दुसरा शब्द नाही त्याले. तुले माही बोली चालत नव्हती असं नाही, तुले ती चाले, तू दार लोटून घे आन पोटभर खाये, आन मले सांगे का हे घरात नाही चालत. माहेच शब्द, माहेच किस्से, माहाच आवाज, आन ते माह्या लेकराले देले तू. लेकराले बाप भेटला तो तुह्या तोंडून. मी सवता घरात होतो का नाही? मी चुलीजवय बसून होतो का नाही? बजारातल्या कोन्याही मावशीले माह्या पोट्टीपेक्षा जास्ती मी भेटलो. आन सगयात मोठं म्हनजे हासनं. ते तं माहं होतं. मी ते कमावलं होतं. तू ते पालामांगं हासली, दारामांगं हासली, पोट्टीसंग हासली, माह्या तोंडावर एक डाव हासली असती तं काय गेलं असतं तुहं? मी जन्मभर समजलो का माह्या घरात मी पडलेला किस्सा आहे.

मले इतला राग आला का मी तुहा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. मंग वाटलं, असी तं तू नेमीच उभी राहे. परत फिरवला.

आन तरीबी एक गोस्ट मनातून जात नाही. तुह्यासाठी रडाची पायी आली तवा पोट्टीपाशी शब्द होते. 'आई गेली' असं म्हनून कितलं रडता येते? 'माय वं' म्हनून आतडं भायेर येते. ते तू तिले देलं. चोरून का होईना, देलं. मी मोकया असतो तं मी दिवसभर बडबड केली असती, तिनं एका कानानं आयकून दुसऱ्यानं सोडली असती. तू ते असं लपवून देलं का तिनं जपून ठेवलं. हे मले समजते. समजते म्हनून राग कमी होत नाही. मी मरीन तवा ती कोन्या भाषेत रडन, सांग बरं? "बाबा, आपण गेलात?" म्हनन का? मुडदा उठून हासन माहा.

आन आपलं एक भांडन राह्यलंच. दिवायीत वर्षा लेकराले घेऊन आल्ती. सई तवा चालाले लागली होती. मी तुले सैपाकघरात म्हनलं, "लेकीशी नाही बोललो, नातीशी तरी बोलू का?" तू पोया लाटत होती. लाटनं थांबलं. मले वाटलं आता भिवई उचलते. तू म्हनली, "पाहू."

'पाहू' म्हनली, 'बघू' नाही. मले तवाच कान टवकाराले पाह्यजे होते. तुह्या तोंडून पयल्यांदा माह्यासमोर माहा शब्द निसटला होता. मी गधा, मी इतलंच समजलो का 'हाव' नाही म्हनली. मंग चार दिवस मी तुह्याशी कुरकुर केली, तू पाठ करून राह्यली, आन त्या 'पाहू'चं पुढं काय ते राहूनच गेलं. उन्हाया लागाच्या आंदी तूच गेली. आता ते उत्तर मी कोनाले मांगू?

सई दोन वर्साची होत आली, सुमन, अजून बोलत नाही. कान चांगले आहेत, डॉक्टरनं पाह्यलं. वर्षा सांगे, घरात सारे फोनवर. जवाई तिच्याशी इंग्रजी बोलते, कामवाली बाई हिंदी, आन दिवसातून दहादा सारे तिच्यासमोर बसून म्हनतात, "बोल, बोल ना पिल्लू." तिच्याशी सारे बोलतात, तिच्यासमोर कोनी कोनाशी बोलत नाही. मंग सांडन काय आन उचलन काय?

उद्या त्या दोघी जातात. आज सकायी वर्षानं सईले माह्यापुढं आनून बसवलं. म्हने, "बाबा, हिच्याशी बोला. मायसारखं दार लोटून नको, आंगनात बसून बोला." आन बॅगा भराले आत गेली.

मी वांगे निवडत बसलो होतो. पाटीच्या या बाजूले मी, त्या बाजूले ती. मी तोंड उघडलं. काही नाही आलं. बजारात मले कोनी थांबवू शकत नाही, आन अठी जिभीले कुलूप. मी सैपाकघराच्या दाराकडं पाह्यलं. खरं सांगतो, तुही भिवई शोधली मी. दारात कोनी नव्हतं. तवा मले पयल्यांदा रडू आलं, तेरवी झाल्यावर. बायको गेली म्हनून लोकं लय आंदी रडतात. मले गप बस म्हननारं कोनी नाही म्हनून मी रडलो.

सई पाहून राह्यली होती. मंग मी म्हनलं, चाल, आंदी ओयखीचं काढू. ओठ फुगवले आन मोटर सुरू केली. हवा, मंग खाकरा, मंग पानी. तिनं हातातलं वांगं खाली ठेवलं. पाटीले धरून उठली, चालत आली, माह्या मांडीवर चढली, आन माह्या ओठाकडं पाहाले लागली. मांजर दुधाच्या वाटीकडं पाहाते तसी. मी म्हनलं, "काऊन वं बये, कुठून आली तू?"

तिनं बोट माह्या ओठावर ठेवलं.

मी बंद झालो. सवय ती सवय. मनात म्हनलं, घ्या, आजीचीच नात. एक गेली तं दुसरी आली गप कराले.

पन ते बोट तसंच राह्यलं नाही. तिनं माहा खालचा ओठ दोन बोटाईनं धरला आन खाली ओढला. आत वाकून पाह्यलं. पानी कुठून येते ते पाहाचं होतं तिले. मी बोलेना तं अजून जोरानं ओढला. दुखलं मले. निबर कातडं, तरी दुखलं.

मंग मी बोललो. वांगे उन्हात कोमावले, बजाराची येय झाली, वर्षा दोनदा चहा घेऊन येऊन वापस गेली, आन मी बोलत होतो, पोट्टी माहा ओठ धरून बसली होती. काय बोललो ते तुले सांगत नाही. तूही मले सांगतलं नव्हतं. आडून आयकाची सवय आहे तुले, आयकलं असन. आन हासू आलं असन तं, सुमन, या डावानं पाठ करू नको. समोर येऊन हास.